कॉलेजच्या सोशल मीडियाचं धोरण लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

अर्धविराम (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:१०

शिकवणं हे माझं मूळ काम. या सत्रापासून 'जनसंपर्क व समाजमाध्यम समिती' गळ्यात पडली आहे आणि महिनाअखेर वर्षभराचं धोरण लिहून प्राचार्यांना द्यायचंय. समितीत मी, कार्यालयातले एक सहकारी आणि दोन विद्यार्थी प्रतिनिधी. या कामासाठी वेगळा माणूस नाही, निधी नावापुरता.

आधीच्या पोस्ट चाळल्या. उद्घाटनाचे फोटो, पाहुण्यांच्या स्वागताचे फोटो, दिनविशेषाच्या शुभेच्छा आणि प्रवेशाच्या काळात 'त्वरा करा' थाटाच्या जाहिराती. लाइक करणारे बहुतेक आमचेच प्राध्यापक. प्राचार्यांचं म्हणणं 'रीच वाढवा, रील्स करा'. व्यवस्थापनाला 'ब्रँड' हवाय.

मग सहज म्हणून पानाचा इनबॉक्स उघडला. खरी गंमत तिथे आहे. मुलं आणि पालक महिनोन्महिने तेच तेच विचारतायत: अर्जाची शेवटची तारीख कोणती, शुल्क हप्त्यांनी भरता येईल का, वसतिगृहाचा अर्ज वेगळा आहे का, गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त कसं करायचं, मध्येच शाखा बदलता येते का. बहुतेकांना उत्तरच गेलेलं नाही. दुसरीकडे त्याच पानावर रोज नवी पोस्ट मात्र पडतेय.

म्हणून माझ्या डोक्यात असं आहे की धोरणाची सुरुवात 'काय टाकायचं' इथून न करता 'आपल्याला काय विचारलं जातं आणि उत्तर कोण देणार' इथून करावी. वर्षभर पोस्ट निम्म्या केल्या तरी चालतील, पण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर गेलं पाहिजे. हे प्राचार्यांच्या गळी कसं उतरवू? आणि मुळात हे बरोबर आहे का, की मी काही विसरतोय? संस्थांमध्ये हे काम केलेल्यांनी जरूर लिहा.

---

तिसरा बाक
सोमवार, रात्री ११:४०

सर, मी विद्यार्थी आहे (तुमच्या कॉलेजचा नाही). स्पष्ट सांगतो, कॉलेजचं अधिकृत पान आम्ही कोणी बघत नाही. आम्ही बघतो ते मीम पान, जे कोण चालवतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणालाच माहीत नसतं. परीक्षा पुढे गेल्याची बातमी आधी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. ती खरी का खोटी हे कळायला कॉलेजच्या संकेतस्थळावर जावं, तर सूचना सापडत नाही. सापडली तर ती तिरक्या स्कॅन केलेल्या कागदाची पीडीएफ असते.

आम्हाला रील्स नकोत. एक कायमची लिंक द्या. तिथे ताजी सूचना सगळ्यात वर आणि तारीख ठळक. ग्रुपवर अफवा आली की ती लिंक टाकता आली पाहिजे, बास.

---

खडूस मास्तर
मंगळवार, सकाळी ७:०५

अर्धविराम, सहानुभूती आहे. पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो: कॉलेजला हे सगळं हवंय कशाला? चांगलं शिकवलं की नाव होतं. आता शिकवणाऱ्यालाच कॅमेऱ्यापुढे नाचायला लावतायत.

---

जुनी फाईल
मंगळवार, सकाळी १०:३०

मास्तर, नाचायचं कोणीच नाही, शांत व्हा. पण 'कशाला' याचं उत्तर आहे आणि ते धागाकर्त्यांच्या इनबॉक्समध्येच आहे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण प्राचार्यांना जरूर सांगा. तिथे प्रवेश निश्चित केलेली बरीच मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येतच नसत. त्याला तिकडे 'समर मेल्ट' म्हणतात. कारणं फार मोठी नसायची: आर्थिक मदतीचा एखादा फॉर्म राहिला, लसीकरणाची नोंद दिली नाही, विचारायचं कोणाला ते कळलं नाही. घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नसेल तर तिथेच गाडी अडते. २०१६ मध्ये त्यांनी मोबाइलच्या साध्या संदेशांतून उत्तरं देणारा चॅटबॉट सुरू केला. एका उन्हाळ्यात दोन लाखांहून जास्त उत्तरं गेली आणि गळती साधारण एक पंचमांशाने कमी झाली. बॉटला न जमणारा प्रश्न माणसाकडे जायचा. यात ना सुंदर फोटो, ना घोषवाक्य. मुलं रात्री-बेरात्री विचारत होती आणि त्यांना उत्तर मिळत होतं, एवढंच.

तुम्हाला चॅटबॉट परवडणार नाही, गरजही नाही. वर्षभरात आलेल्या प्रश्नांची यादी करा, प्रत्येकाचं चार ओळींत उत्तर लिहून संबंधित विभागाकडून तपासून घ्या आणि ते संकेतस्थळावर साध्या मजकुरात टाका. प्रत्येक उत्तराच्या खाली 'हे कोणी तपासलं, कधी तपासलं' हे हवंच. नाहीतर पुढच्या वर्षी मागच्या वर्षीचं शुल्क सांगत बसाल.

आता माझ्या आवडीचा विषय: खाती. आधी हे शोधा की तुमच्या संस्थेच्या नावाने एकूण किती खाती आहेत. तुम्हाला वाटतंय एक फेसबुक, एक इन्स्टाग्राम. निघतील डझनभर. एका विभागाचं, एका जुन्या महोत्सवाचं, ग्रंथालयाचं, वसतिगृहाचं, कोणीतरी उत्साहात काढून तिसऱ्या पोस्टनंतर सोडून दिलेलं. मी एका विद्यापीठाच्या कार्यालयात होतो. तिथे मुख्य पान एका प्राध्यापकांच्या खासगी ईमेलवर उघडलेलं होतं. ते निवृत्त झाले, फोन नंबर बदलला, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा कोड त्या जुन्या नंबरावर जात राहिला. पान डोळ्यांसमोर, हात मात्र लावता येत नाही. कंपनीला लिहून लिहून सगळे दमले, शेवटी नवं पान काढलं. जुनं अजूनही शोधात वर येतं.

म्हणून धोरणाच्या पहिल्या पानावर एक तक्ता हवा: खातं, कोणत्या ईमेलवर आहे (तो संस्थेचाच हवा, पदाचा, व्यक्तीचा नाही), ॲडमिन कोण (किमान दोघं), माणूस बदलला की प्रवेश कोण काढणार. सगळ्यांनी एकच पासवर्ड वाटून घेऊ नका. फेसबुकच्या पानावर प्रत्येकाला स्वतंत्र अधिकार देता येतात, ते वापरा. आणि विभागाला नवं खातं हवं असेल तर विचारा: एक वर्ष कोण चालवणार, आणि तो सुट्टीवर गेला तर कोण? उत्तर नसेल तर मुख्य खात्यावरच त्यांना जागा द्या.

---

दृष्टिक्षेप
मंगळवार, दुपारी १:१५

तिसरा बाक यांच्या 'तिरक्या पीडीएफ'ला +१००.

सूचनेचा फोटो काढून टाकणं ही संस्थांची सर्वात जुनी खोड. अंध विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चित्रातला मजकूर धड वाचत नाही, शोधात तो सापडत नाही, मोबाइलवर झूम करावा लागतो, आणि कॉपी करून दुसऱ्याला पाठवता येत नाही. सूचना मजकूर म्हणूनच द्या. चित्र हवंच असेल तर सोबत वर्णनाचा मजकूर जोडा, ती सोय सगळ्या मोठ्या माध्यमांवर आहे. व्हिडिओला कॅप्शन हवीत, आणि यंत्राने केलेली कॅप्शन माणसाने एकदा तपासायला हवीत, कारण विषयातले पारिभाषिक शब्द आणि माणसांची नावं यंत्र हमखास बिघडवतं.

हे 'जमलं तर करू' या खान्यात टाकू नका. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्यावर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने खटला भरला, कारण त्यांच्या जाहीर व्हिडिओंना नीट कॅप्शन नव्हती. हार्वर्डने २०१९ मध्ये तडजोड केली, एमआयटीने २०२० मध्ये. तिथल्याच बर्कली विद्यापीठाची गोष्ट तर आणखी शिकण्यासारखी आहे. सरकारने त्यांच्या मोफत व्याख्यानांत त्रुटी दाखवल्यावर २०१७ मध्ये त्यांनी वीस हजारांहून जास्त व्हिडिओ आणि ध्वनिफिती सार्वजनिक ठिकाणाहून काढूनच घेतल्या. ज्यांनी तक्रार केली त्यांनाही काही मिळालं नाही आणि बाकी जगाचंही गेलं. पहिल्या दिवसापासून कॅप्शन केली असती तर काम थोडं थोडं झालं असतं. साचलेला डोंगर उपसायला कोणाकडेच पैसे नसतात.

---

कोलाहल
मंगळवार, रात्री १०:२०

मी संस्थांसाठी संवादाचं काम करते. अर्धविराम, तुमची दिशा बरोबर आहे, पण एक मोठी गोष्ट राहिली: वाईट दिवस.

१६ एप्रिल २००७, अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. पहिला गोळीबार वसतिगृहात सकाळी सव्वासातच्या सुमारास. सगळ्यांना पहिला ईमेल गेला ९:२६ ला, म्हणजे दोन तासांनंतर. त्यात लिहिलं होतं गोळीबाराची घटना घडली आहे, पोलीस तपास करतायत, सावध राहा. मारेकरी अजून सापडलेला नाही, वर्गात जाऊ नका, असं काहीच नाही. नंतर थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी एकूण ३२ जणांचा बळी गेला. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकेत कायद्यातच बदल झाला: धोका खरा असल्याची खात्री होताच कॅम्पसला तातडीने कळवलंच पाहिजे.

तुमच्याकडे देव करो असं काही न होवो. पण आग लागेल, पूर येईल, प्रश्नपत्रिका फुटेल, एखाद्या विद्यार्थ्याचं अकाली निधन होईल. त्या वेळी 'मसुदा प्राचार्यांकडे, तिथून सचिवांकडे, तिथून वकिलांकडे' असा प्रवास सुरू झाला तर ग्रुपवरच्या अफवाच अधिकृत ठरतात. त्यामुळे आधीच ठरवा की पहिला संदेश मंजुरीविना पाठवायचा अधिकार कोणाला आहे. एक माणूस आणि त्याचा एक पर्यायी. रिकाम्या जागा सोडलेले मसुदे तयार ठेवा. आणि आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट थांबवायचं बटण कुठे आहे हे दोघांना तरी माहीत हवं. दुःखाची बातमी आणि तासाभराने 'चला नाचूया, महोत्सव आला' हे एकाच पानावर मी पाहिलंय.

तयार मसुद्यांबद्दल एक सावधगिरी. मजकूर यंत्राकडून लिहून घ्यायचा मोह होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गोळीबारानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबडी कॉलेजमधल्या एका कार्यालयाने विद्यार्थ्यांना सांत्वनाचा ईमेल पाठवला. 'एकमेकांची काळजी घेऊ' वगैरे. तळाला बारीक ओळ: चॅटजीपीटीच्या मजकुरावर आधारित. मुलं भडकली, माफी मागावी लागली. वेळापत्रकाची सूचना यंत्राने लिहिली तर कोणाचं बिघडत नाही. सांत्वन माणसाने लिहावं, दोनच ओळी असल्या तरी.

---

खडूस मास्तर
बुधवार, सकाळी ६:५०

कोलाहल ताई, हे पटलं. मग एक शंका. जगात काहीही घडलं की कॉलेजने त्यावर निवेदन काढावं अशी हल्ली अपेक्षा असते. न काढलं तर 'गप्प का' आणि काढलं तर 'असंच का'. यावर धोरण काय असावं?

---

कोलाहल
बुधवार, सकाळी ९:००

मास्तर, मुद्द्याचं बोललात. याला जुना आधार आहे. १९६७ मध्ये शिकागो विद्यापीठाचा काल्व्हेन अहवाल आला. सार एवढंच: टीका करणारे प्राध्यापक आणि विद्यार्थी असतात, विद्यापीठ त्यांचं घर आहे, ते स्वतः टीकाकार नाही. संस्थेने एक बाजू घेतली की आतल्या वेगळ्या मताच्या माणसाला बोलणं अवघड होतं. मे २०२४ मध्ये हार्वर्डनेही जाहीर केलं की शिकवणं-संशोधन या मूळ कामाशी थेट संबंध नसलेल्या विषयांवर संस्था म्हणून निवेदनं काढणार नाही.

सगळ्यांना हे मान्य नाही, आणि 'मूळ कामाशी संबंध' कुठे संपतो यावर वाद होणारच. पण पूर्वी ठरवलेला लेखी नियम असला की ऐन वेळी समितीवरचा दबाव कमी होतो. दर प्रसंगी नव्याने ठरवायला बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं निवेदन निघतं.

---

तिसरा बाक
बुधवार, दुपारी ४:३०

सगळं गंभीर चाललंय म्हणून विचारतो, विनोद चालेल का अधिकृत खात्यावर? आमच्या कॉलेजने मीम टाकायचा प्रयत्न केला होता. आम्ही हसलो, पण मीमला नाही.

---

जुनी फाईल
बुधवार, संध्याकाळी ६:१०

बाका, विनोद चालतो, पण ज्याच्याकडे काही असतं त्यालाच. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाचं ग्रामीण जीवनाचं एक संग्रहालय आहे. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी आपल्या संग्रहातला एका प्रचंड मेंढ्याचा जुना फोटो ट्विटरवर टाकला आणि 'काय हा धिप्पाड गडी' अशा अर्थाची एकच ओळ लिहिली. जगभर गाजला. पुढे लोक त्या संग्रहालयाशी गप्पा मारू लागले. लक्षात घ्या, मेंढा त्यांचाच होता. संग्रहात काय आहे हे ठाऊक असलेला आणि वरून परवानगी न मागता बोलता येणारा माणूस खात्यावर होता. ही शैली उसनी घेऊन प्रवेश विभागाने वापरली तर तुम्ही म्हणता तसंच हसं होतं.

तुमच्या कॉलेजातही असे 'मेंढे' असतात. वनस्पतिशास्त्राचा जुना संग्रह, प्रयोगशाळेतलं पितळी उपकरण, ग्रंथालयातली जुनी नोंदवही. त्यांच्यापाशी रोज बसणाऱ्या माणसाला बोलतं करा.

---

नवी वही
बुधवार, रात्री ९:४५

वाचतेय. प्रवेश विभागात काम करते म्हणून थोडी भर.

एमआयटीच्या प्रवेश विभागाने २००४ पासून विद्यार्थ्यांचे ब्लॉग चालवलेत. मुलं अभ्यासाचा ताण, नापास होण्याची भीती, खोलीतला पसारा असं सगळं लिहितात. अर्ज करणारा मुलगा माहितीपत्रकापेक्षा यावर विश्वास ठेवतो, कारण तिथे सगळं गोडगोड नसतं. तुमच्या दोन विद्यार्थी प्रतिनिधींना फक्त फोटो काढायला पाठवू नका, लिहू द्या. आणि शक्य असेल तर या कामाचा मोबदला द्या. 'अनुभव मिळेल' यावर वर्षभर कोणी टिकत नाही, परीक्षा आली की पान ओस पडतं.

दुसरं, गुणवंतांच्या पोस्ट. नाव, फोटो, टक्के, सगळं एका चित्रात. विचारलं का त्या मुलाला? गुण ही खासगी नोंद आहे. अमेरिकेत १९७४ पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. कायदा जिथे जसा असेल तसा, पण संमती लेखी घ्या आणि नंतर 'काढा' म्हटलं तर काढण्याची सोय ठेवा. एखादी मुलगी घरच्यांपासून किंवा कोणापासून तरी आपला ठावठिकाणा लपवत असू शकते. गर्दीच्या फोटोत टॅग केलं की संपलं.

अवांतर: बोधचिन्ह बदलायचा विचार व्यवस्थापनाच्या डोक्यात आला तर कॅलिफोर्निया विद्यापीठाचं २०१२ चं प्रकरण सांगा. नवं चिन्ह आलं, विरोधाच्या अर्जावर पन्नास हजारांहून जास्त सह्या झाल्या, डिसेंबरमध्ये चिन्ह मागे घेतलं. गंमत म्हणजे जुनी औपचारिक मुद्रा ते काढणारच नव्हते. पण लोकांना तसं वाटलं, कारण आतल्या माणसांना आधी नीट सांगितलंच नव्हतं.

---

अर्धविराम (धागाकर्ता)
गुरुवार, रात्री ८:३०

अपेक्षेपेक्षा खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. (तिसरा बाक, इथे 'सर' नको.)

कालच खात्यांची शोधाशोध सुरू केली. जुनी फाईल, तुम्ही म्हणालात तसंच, ज्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती अशी खाती निघाली. त्यातल्या एकावर आजही लोक प्रवेशाबद्दल विचारतायत.

प्राचार्यांशी प्राथमिक बोललो. 'पोस्ट निम्म्या करू' म्हटल्यावर चेहरा पडला. मोजायचं काय, असं त्यांनी विचारलं, कारण त्यांना वर आकडे द्यावे लागतात. प्रश्न रास्त आहे. लाइक सोडून काय मोजावं?

---

नवी वही
गुरुवार, रात्री ९:१५

आम्ही मोजतो ते सांगते. पहिल्या उत्तराला किती वेळ लागला. किती प्रश्न अनुत्तरित राहिले. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय का (येत असेल तर संकेतस्थळावरचं उत्तर वाईट आहे, मुलं मठ्ठ नाहीत). अर्ज अर्धवट सोडणारे कोणत्या टप्प्यावर सोडतात. आणि प्रवेश घेतलेल्यांना फॉर्ममध्येच एक प्रश्न: आमची माहिती कुठून मिळाली? उत्तरं बघून प्राचार्यांना धक्का बसेल. बहुतेक 'ताईने सांगितलं', 'शाळेतल्या शिक्षकांनी सांगितलं' असंच निघतं. म्हणजे आज शिकत असलेल्या मुलांना नीट वागवणं हीच मोठी जाहिरात. मास्तर, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

रीच मात्र अहवालातून पूर्ण काढू नका. शेवटच्या पानावर ठेवा, मागितलं की दाखवायचं.

---

खडूस मास्तर
गुरुवार, रात्री ९:४०

नोंद घेतली. 😀

---

तिसरा बाक
गुरुवार, रात्री ११:५५

सर (सवय जात नाही), रात्री बाराला विचारलेल्या प्रश्नाला कोण उत्तर देणार? आम्ही तेव्हाच विचारतो.

---

जुनी फाईल
शुक्रवार, सकाळी १०:००

कोणी नाही, आणि तसं स्पष्ट लिहा. स्वयंचलित उत्तर लावा: 'कार्यालय सकाळी अमुक वाजता उघडतं, तुमचा प्रश्न उद्या दुपारपर्यंत पाहिला जाईल. तोवर नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं या लिंकवर आहेत. जीवाला धोका असेल तर इथे वाट पाहू नका, सुरक्षा कक्षाच्या या क्रमांकावर फोन करा.' शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. समिती स्वतः रात्री जागायला लागली तर दोन महिन्यांत मोडेल.

---

अर्धविराम (धागाकर्ता)
शुक्रवार, दुपारी २:२०

हे जसंच्या तसं उचलतो. कोलाहल, तातडीच्या पहिल्या संदेशाचा एखादा नमुना देता का? परीक्षेच्या दिवशी इमारत बंद ठेवावी लागली असं समजा.

---

कोलाहल
शुक्रवार, संध्याकाळी ५:४५

घ्या:

'[वेळ] मुख्य इमारतीत विजेच्या बिघाडामुळे धूर झाला आहे. सगळे बाहेर आहेत. इमारतीत जाऊ नका. आजची सकाळची परीक्षा होणार नाही. नवी तारीख सूचनांच्या पानावर दिली जाईल, आजच्या गैरहजेरीचं नुकसान होणार नाही. पुढची माहिती काही वेळात देऊ.'

काय झालं, काय करायचं, काय करायचं नाही, पुढे कधी कळेल. कारण नक्की माहीत नसेल तर 'विजेच्या बिघाडामुळे' काढून टाका, अंदाज लिहू नका. 'सगळे बाहेर आहेत' हेही मोजून खात्री केल्यावरच. संकेतस्थळ, ईमेल, मोबाइल संदेश, सगळीकडे अक्षरशः हाच मजकूर.

---

खडूस मास्तर
शुक्रवार, संध्याकाळी ६:०५

ताई, 'काही वेळात' खोडा. '११:३० ला' लिहा. आणि ११:३० ला नवीन काही कळलं नसेल तर 'अजून नवीन माहिती नाही, पुढचा संदेश १२:१५ ला' असं पाठवा. बाहेर उभ्या असलेल्या मुलांना आणि घरी बसलेल्या पालकांना घड्याळातली वेळ हवी असते.

---

कोलाहल
शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

मान्य. दुरुस्ती केली. अर्धविराम, मास्तरांना समितीत घ्या.